इमान आणि विमान: मानी योद्ध्यांच्या काल्पनिक जगात हवाई दळ कसं बसवायचं

घोड्यावरचे योद्धे उचलून विमानात बसवले की हवाई दळ तयार होत नाही. कादंबरी असो, वेबमालिका असो की पटावरचा खेळ, काल्पनिक जग रचणाऱ्या बहुतेकांची गाडी नेमकी इथे रुतते. जमात छान रंगवलेली असते. शब्दाला जागणारी, पाठीवर वार न करणारी, शत्रूच्या प्रेतालाही मुजरा करणारी. मग तिला विमानं मिळतात, आणि तीच माणसं ढगांत तलवारीच्या जागी मशीनगन घेऊन तसंच द्वंद्व खेळू लागतात. वाचकाला काहीतरी खोटं वाटतं, पण काय ते बोट ठेवून सांगता येत नाही.

खोटं असतं ते वेळेचं. जमिनीवरच्या इमानाला वेळ लागतो. नाव सांगायचं, आव्हान द्यायचं, समोरच्यानं विडा उचलायचा, मग तलवारी उपसायच्या. हवेत हे सगळं काही सेकंदांत बसवावं लागतं, आणि त्या सेकंदांवर पेट्रोल, वारा, सूर्य आणि बंदुकीचा पट्टा यांची सत्ता चालते. म्हणून आधी यंत्राचा हिशेब करा आणि त्यातून मानाचे नियम काढा. उलट्या दिशेनं गेलात तर तिसऱ्या लढाईपर्यंत तुमचेच नियम तुमच्या पायात येतील.

खाली नमुन्यादाखल एक डोंगराळ मुलूख धरला आहे: आठ-दहा मानकरी घराणी, त्यांचं मिळून एक पथक, २४ एकआसनी विमानं, तंत्र साधारण १९१७-१८ सालचं. हा काळ मुद्दाम निवडला आहे. तेव्हाची विमानं माणूस मारण्याइतकी वेगवान झाली होती, पण समोरच्याचा चेहरा दिसू नये इतकी वेगवान झाली नव्हती. मानापमानाचं नाट्य या फटीतच घडतं.

पायरी १: काळ ठरवा आणि सेकंद मोजा

साध्या डोळ्याला एक मीटर आकाराचं चिन्ह नीट ओळखू यायला ते साधारण ७०० मीटरच्या आत यावं लागतं. दोन विमानं समोरासमोर ताशी १८० किलोमीटरनं येत असतील तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला १०० मीटरनं घटतं. म्हणजे घराण्याचं चिन्ह ओळखल्यापासून टक्कर होईपर्यंत सात सेकंद. हे कागदावरचे सात. हादरणारी काच, चष्म्यावर उडालेलं तेल आणि डोळ्यांत येणारं ऊन धरलं तर चार-पाचच उरतात.

हेच जेट विमानांना लावा. दोघंही ताशी ९०० किलोमीटरनं आले तर अंतर सेकंदाला ५०० मीटरनं घटतं आणि ओळखपाळख दीड सेकंदाच्या आत आटोपते. क्षेपणास्त्रांच्या काळात तर शत्रू हा पडद्यावरचा ठिपका असतो. त्या काळातला योद्धा रंगवायचा असेल तर मान द्वंद्वातून काढून दुसरीकडे ठेवावा लागतो. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या तळावर सहा पाकिस्तानी सेबर जेट विमानं चालून आली, तेव्हा बॉम्ब पडत असलेल्या धावपट्टीवरून निर्मलजित सिंग सेखों यांनी नॅट हे छोटं लढाऊ जेट उडवलं. भारतीय वायुदलाला मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं आहे. तिथे कोणी कोणाला आव्हान दिलं नाही. शौर्य होतं ते उड्डाण करण्यात. जेट युगातली जमात लिहिणाऱ्यांनी मानाची जागा तिथे शोधावी.

आपल्या नमुन्यात पाच सेकंद आहेत. त्यांतून तीन गोष्टी आपोआप निघतात. पहिली, छोटं चिन्ह कुचकामी. अख्खं विमानच रंगवा. पहिल्या महायुद्धातला जर्मन वैमानिक मानफ्रेड फॉन रिख्टहोफेन याचं लाल विमान ही नुसती ऐट नव्हती, रंग हा चिन्हापेक्षा कितीतरी लांबून कळतो. दुसरी, लांबलचक आव्हान हवेत देता येत नाही, ते आदल्या दिवशी द्यावं लागतं. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या तळावर रंगीत फिती बांधलेले निरोप खरोखर टाकले जात. तुमची जमात विड्याचं पान टाकू शकते, फक्त त्याला वजन बांधा, नाहीतर ते शेजारच्या गावात पडेल. तिसरी, हवेतला सलाम एकच आणि ढोबळ हवा: पंख दोनदा डोलवणं, बस. हाताच्या खुणा, मान लववणं वगैरे कोणालाही दिसत नाही.

पायरी २: शिलेदार की बारगीर

विमान कोणाच्या मालकीचं, हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. मराठी वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही. स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार, आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा बारगीर. दोघांच्या लढण्यात फरक पडतो तो इथे: शिलेदाराचा घोडा मेला की घर बुडतं, म्हणून तो घोडा जपतो; बारगिराला पागेतून दुसरा मिळतो, पण हुकूम मोडायची सोय नसते.

विमानाला हे जसंच्या तसं लागू होतं. शिलेदारी पद्धत घेतली तर प्रत्येक घराण्याचं विमान वेगळं, रंग वेगळा, मेकॅनिक घरचा. दिसायला फार देखणं. पण २४ विमानांत पाच प्रकारची इंजिनं आली की सुट्या भागांचं भांडार पाचपट लागतं. युद्धाच्या तिसऱ्या आठवड्यात निम्मी विमानं झडपेच्या एका स्प्रिंगपायी जमिनीवर बसतात. बारगिरी घेतली तर यंत्रं सारखी आणि दुरुस्ती सोपी, पण मग शौर्य कोणाच्या नावावर, हे भांडण सुरू होतं.

आमची शिफारस मिश्रणाची आहे. विमानाचा सांगाडा आणि इंजिन पागेचं. बंदूक, रंग आणि आसन घराण्याचं. यातून खरे तंटे निघतात. विमान पडलं, बंदूक वाचली, तर ती विधवेकडे जाते की पागेत जमा होते? अशा एका प्रश्नावर प्रकरणभर भांडता येतं.

पायरी ३: जमिनीवरची माणसं आणि सात एकर एरंड

शिवाजी महाराजांच्या पागेत २५ बारगीरांवर एक हवालदार असे, आणि दर २५ घोड्यांमागे एक पखालजी, म्हणजे पाणी वाहणारा, आणि एक नालबंद. पंचवीस लढणाऱ्यांमागे दोन सांभाळणारे. विमानात हे प्रमाण उलटं होतं. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्क्वाड्रनमध्ये १८-२० वैमानिकांमागे दीडशे-दोनशे माणसं राबत: इंजिनवाले, सुतार, पंखाचं कापड शिवणारे, बंदूकदुरुस्तीवाले, गाडीवान, आचारी. आपल्या २४ विमानांना २२० ते २५० माणसं धरा.

मानी संस्कृतीला खरा हादरा इथे बसतो. योद्ध्याचा जीव आता ज्याच्या हातात आहे त्याला पंगतीत पान नाही. तारांचा ताण कमी पडला, खिळ्याला मागची पिन घालायची राहिली, तर आठ पिढ्यांचं घराणं शेतात आडवं होतं. या माणसाला जमात काय म्हणते ते आधी ठरवा. जुना शब्द वापरायचा तर 'मोतद्दार' चालेल, घोड्याची निगा राखणारा. नाव जुनंच राहतं आणि सत्ता बदललेली असते, ही विसंगती कथेला फार उपयोगी पडते.

आता तेल. त्या काळच्या फिरत्या इंजिनात सिलिंडरच पंख्याबरोबर गरगरत असत. पेट्रोलची वाफ इंजिनाच्या पोटातूनच जाई, म्हणून पेट्रोलमध्ये सहजी न विरघळणारं तेल लागे, आणि ते म्हणजे एरंडेल. वापरलेलं तेल परत टाकीत येत नसे, सरळ बाहेर फेकलं जाई, वैमानिकाच्या तोंडावर. ते पोटात गेल्यावर काय होतं हे मराठी घरात कोणाला सांगायला नको. त्या वैमानिकांच्या पोटाच्या तक्रारी खऱ्याच होत्या. गळ्यातला रेशमी रुमाल मान घासू नये म्हणून असे आणि चष्मा पुसायलाही कामी येई. तुमच्या जमातीत मानाचा शेला असेल तर तोच गळ्यात येऊ द्या, आणि त्यावरचे तेलाचे डाग धुवायचे नाहीत अशी रीत पाडा. नवखा आणि मुरलेला यांतला फरक वर्णनाशिवाय दिसतो.

हिशेब असा. १३० अश्वशक्तीच्या इंजिनाला तासाला ६० लिटर पेट्रोल आणि १० लिटर एरंडेल धरा. २४ विमानं, दिवसाला दोन फेऱ्या, दीड-दीड तासाच्या: एकूण ७२ तास. म्हणजे रोज ४,३२० लिटर पेट्रोल, २०० लिटरची २२ पिंपं, एका बैलगाडीत चार पिंपं घातली तर सहा गाड्या. आणि ७२० लिटर एरंडेल, वजनात सुमारे ६९० किलो. घाण्यावर बियांच्या ४० टक्के तेल निघतं असं मानलं तर रोज पावणेदोन टन एरंडी लागते. कोरडवाहू रानात एकरी अडीच क्विंटल पीक धरलं तर सात एकर. रोज. महिन्याला २१० एकर, आणि त्या रानात तेवढी ज्वारी कमी. ज्या गावाच्या जमिनीवर एरंड लावायची सक्ती झाली, त्या गावाला योद्ध्यांच्या मानाचं काय वाटतं, हे प्रकरण लिहायला विसरू नका.

पायरी ४: अंगावर काय न्यायचं

चिलखत घालून विमानात बसलेला योद्धा चित्रात झकास दिसतो. १५ किलोचं चिलखत म्हणजे सुमारे २० लिटर पेट्रोलचं वजन, आणि २० लिटर म्हणजे वीस मिनिटं. शत्रूच्या मुलखातून परतताना वीस मिनिटं कमी पडणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. तलवार सव्वा किलोची, जेमतेम पावणेदोन मिनिटांची, ती परवडते. दुसऱ्या महायुद्धात काही जपानी वैमानिक तलवार बरोबर ठेवत असत. फक्त पोलाद होकायंत्राजवळ आलं की सुई भरकटते. तलवार आसनामागे आडवी बांधा, होकायंत्रापासून हातभर लांब. एखाद्या उतावळ्या पोरानं ती मांडीशी ठेवली, ढगात शिरला आणि शत्रूच्याच तळावर उतरला, ही चूक पूर्णपणे पटण्यासारखी आहे.

डोक्यावरच्या वस्त्राचा प्रश्न इतिहासात सुटलेला आहे. हरदित सिंग मलिक हे शीख वैमानिक पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात लढले तेव्हा पगडीवर बसेल असं मोठं शिरस्त्राण त्यांच्यासाठी करून घेतलेलं होतं. तुमच्या योद्ध्याचा फेटा असाच राहू शकतो, पण तुरा आणि सोडलेला पदर नको. वाऱ्याच्या झोतात तो डोळ्यांवर येतो किंवा मागच्या तारेत अडकतो. थंडीही विसरू नका. दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. खाली तीस अंश असताना पाच हजार मीटरवर पाणी गोठतं. धातूचे दागिने बर्फासारखे गार पडतात.

पायरी ५: नियम लिहा, आणि प्रत्येकाखाली कारण लिहा

मानाचे नियम दोन जातींचे असतात. एक नुसते शोभेचे, जे पहिल्या खऱ्या लढाईत गळून पडतात. दुसरे, ज्यांच्या पोटात यंत्राचं कारण दडलेलं असतं, आणि म्हणून ते टिकतात. टिकणारे जास्त ठेवा.

ऑस्वाल्ड ब्योल्के या जर्मन वैमानिकानं १९१६ मध्ये हवाई लढाईची काही सूत्रं लिहिली. ती वाचताना दया-माया कुठे दिसत नाही. सूर्य पाठीशी ठेवा, जवळ जाऊन मगच गोळी झाडा, शक्यतो मागून हल्ला करा. पण शेवटच्या सूत्रात एक गंमत आहे: गटानं लढताना एकाच शत्रूवर अनेकांनी तुटून पडू नये. वरवर पाहता हा उदार नियम वाटतो, एकास एक. कारण मात्र साधं आहे, दोघं एकाच्या मागे लागले की ते एकमेकांच्या वाटेत येतात. २८ ऑक्टोबर १९१६ ला ब्योल्के स्वतः याच तऱ्हेनं गेला. एकाच शत्रूचा पाठलाग करताना त्याच्या साथीदाराच्या विमानाची चाकं त्याच्या पंखाला घासली. ब्रिटिशांनी त्याच्यासाठी पुष्पचक्र टाकलं. तुमचे नियम असेच बनवा: बाहेरून इमान, आतून गरज.

आपल्या नमुन्यासाठी सगळ्यात आधी सूर्याचा निकाल लावा. सकाळी पूर्वेकडून येणाऱ्याच्या पाठीशी सूर्य असतो, संध्याकाळी पश्चिमेकडून येणाऱ्याच्या. म्हणजे दोन मुलखांपैकी एकाला भूगोलानंच सकाळ बहाल केली आहे. 'द्वंद्व फक्त भर दुपारी' असा नियम केला तर तो न्याय्य दिसतो, पण मग जो वर तो सूर्याआड, आणि शिवाय डोंगरावर तापलेली हवा वर उसळत असल्यामुळे विमान इतकं धक्के खातं की नेम लागत नाही. बिनगोळीची, बिननिकालाची द्वंद्वं व्हायची असतील तर दुपार उत्तम. काही जमातींना तेच हवं असेल.

मग माघार. 'पळून गेला' आणि 'पेट्रोल संपत आलं' यांत फरक करणारी खूण हवीच. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियममधल्या पश्चिम आघाडीवर वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहायचा. ब्रिटिश विमानं जाताना झपाट्यानं शत्रूच्या हद्दीत पोचत, येताना वाऱ्याशी झगडत. आकड्यांत सांगायचं तर ताशी १६० किलोमीटरचं विमान आणि ४० चा वारा: चाळीस किलोमीटर जायला १२ मिनिटं, यायला २०. वारा जिकडून येतो तिकडे ज्याचं घर तो लवकर माघार घेणार, आणि दुसरी बाजू त्याला कायम भेकड म्हणणार. दोन्ही बाजू आपापल्या परीनं खऱ्या. असं हाडवैर रचायला खलनायकाची गरज लागत नाही.

अडकलेली बंदूक हा तर रोजचा प्रसंग. कापडी पट्टा दमट झाला, वर जाऊन गारठला, की काडतूस तिरकं बसतं. वैमानिक हातोडी बरोबर ठेवत, ती यासाठीच. 'बंदूक अडकलेल्यावर गोळी नाही' हा नियम सगळ्यांना सुचतो. तो ठेवा, पण कोणी खोटीच बंदूक अडकवली तर त्याला शिक्षा काय, तेही त्याच दिवशी लिहून ठेवा. शिक्षा नसलेला नियम म्हणजे फसवणाऱ्याला दिलेली सवलत.

पॅराशूटबद्दल घाई करू नका. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी विमानाच्या वैमानिकांना ते दिलंच नाही, जर्मनांनी १९१८ मध्ये द्यायला सुरुवात केली. निकामी विमानातून उडी मारलेल्यावर गोळी झाडू नये, हा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात स्पष्टपणे लिहिला गेला तो जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पूरक करारात. छत्रीसैनिकांना मात्र ते संरक्षण नाही. तुमची जमात उडी मारणं नामर्दपणाचं मानत असेल तर मानू द्या, पण त्याची किंमत पायरी ८ मध्ये भरावी लागेल.

पायरी ६: कोणी कोणाला पाडलं

हा भाग बहुतेक जण एका वाक्यात उरकतात. खरं तर सगळ्यात जास्त खोटं इथेच बोललं जातं. खाली गिरक्या घेत गेलेलं विमान पडलं की सावरलं? फ्रेंचांनी पाच विमानं पाडणाऱ्याला विशेष मान दिला. ब्रिटिश हिशेबात ताबा सुटून गिरक्या घेत गेलेलं विमानही धरलं जाई. जर्मन हिशेबात एक विमान एकाच्याच नावावर, वाटणी नाही. तीन रिती, तीन प्रकारचे मानकरी. ब्रिटिश हवाई दलातले भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विजय नोंदवले आणि २२ जुलैला ते मारले गेले. अशी नोंद टिकते ती साक्षीमुळे आणि कागदामुळे, भाटांमुळे नव्हे.

तुमच्या जमातीत साक्ष कोण देतो ते ठरवा. सोबतचा वैमानिक मित्र असतो, म्हणून पक्षपाती. जमिनीवरचा गुराखी निःपक्ष असतो, पण त्याचा शब्द मानकरी ऐकतील का? आणि चिन्ह काय मिळतं? रिख्टहोफेन प्रत्येक विजयामागे चांदीचा छोटा पेला करवून घेई. ऐंशी विजय, पण पेले साठच, कारण पुढे जर्मनीत चांदीचाच तुटवडा पडला. सोन्याचा तोडा द्यायचा असेल तर तुमच्या मुलखातलं सोनं कितव्या तोड्याला संपतं, हे काढून ठेवा. त्यानंतर पितळेचे तोडे येतात, आणि पितळेवाल्यांचा सोन्यावाल्यांवर राग.

पायरी ७: बॉम्ब

इथवर इमान कसंबसं तग धरतं. बॉम्ब आला की नाही. १ नोव्हेंबर १९११ ला जुलिओ गावोत्ती या इटालियन वैमानिकानं लिबियात हातानं छोटे बॉम्ब टाकले. विमानातून झालेला हा पहिला बॉम्बहल्ला. त्याआधीच, १८९९ च्या हेग परिषदेत, फुग्यांतून स्फोटकं टाकायला पाच वर्षांची बंदी घातली गेली होती. बंदी आधी, विमान नंतर, आणि हल्ला त्याहून नंतर. तुमच्या जमातीतही असंच घडू द्या. शपथ आधीच घेतलेली असली की ती मोडताना आवाज होतो.

तीन हजार मीटरवरून सोडलेला बॉम्ब जमिनीवर यायला साधारण २५ सेकंद लागतात. ताशी १५० किलोमीटरनं जाणारं विमान तेवढ्यात एक किलोमीटर पुढे गेलेलं असतं. टाकणाऱ्यानं पाहिलं ते एक गाव, फुटला तेव्हा तिथे कोण होतं ते त्यानं पाहिलंच नाही. डोळ्याला डोळा भिडवण्यावर उभ्या असलेल्या संस्कृतीत या माणसाला नाव काय द्यायचं?

आपल्याकडे याचं उत्तर महाभारतात आधीच दिलेलं आहे. युद्धाआधी नियम ठरले: रथीनं रथीशी लढावं, शस्त्र टाकलेल्याला मारू नये. चौदाव्या दिवशी लढाई रात्रीतही चालू राहिली आणि घटोत्कच आकाशातून लढू लागला, तेव्हा कौरवांच्या सैन्याला त्याच्याशी बरोबरीनं लढायचा मार्गच उरला नाही. अर्जुनासाठी राखलेलं शक्ती हे अस्त्र कर्णाला त्याच्यावर खर्चावं लागलं. पांडवांच्या बाजूनं आकाशातून लढायला कोणाला पाठवलं, हे नीट बघा: जो आपला आहे, पण पुरता आपल्यातला नाही त्याला. तुमच्या जमातीतही बॉम्बफेकीची विमानं कमी मानाच्या माणसांकडे जातील, रात्री उडतील, आणि युद्ध त्यांच्यामुळे फिरेल. सोव्हिएत सैन्याच्या ५८८ व्या रेजिमेंटमधल्या स्त्रिया १९४२ पासून लाकूड-कापडाची पो-२ विमानं रात्री इंजिन मंद करून तरंगत नेत आणि बॉम्ब टाकत. संथ, जुनाट यंत्रं आणि दहशत मात्र भरपूर. मानकऱ्यांना विजयोत्सवात यांना कुठे बसवायचं हे सुचू देऊ नका.

पायरी ८: गळतीचा हिशेब

दर फेरीला शंभरातली चार माणसं परत येत नाहीत असं धरा. पंचवीस फेऱ्यांनंतर मूळच्यांपैकी ३६ टक्के उरतात. दिवसाला दोन फेऱ्या म्हणजे तेरा दिवस. २४ पैकी नऊ. नव्या पोराला विमान नुसतं उतरवता यायलाच काही आठवडे लागतात, लढता यायला त्याहून जास्त. हे गणित न करता लिहिलेल्या कथांत नायकाचे सगळे जुने मित्र शेवटपर्यंत जिवंत असतात.

मानी जमात इथे एक ठरावीक चूक करते: उत्तम माणूस मरेपर्यंत आघाडीवरच ठेवते, कारण शिकवायला मागे येणं कमीपणाचं. दुसऱ्या महायुद्धात जपानी नौदलाच्या वैमानिकांचं हेच झालं. अमेरिकेनं आपले अनुभवी वैमानिक परत बोलावून शिक्षक केले. जपानचे १९४२-४३ मध्ये सॉलोमन बेटांवर झिजून गेले. त्यांच्या झिरो या लढाऊ विमानात वजन वाचवायला वैमानिकामागे चिलखती पत्रा नव्हता, टाकी गोळीचं भोक आपोआप बुजवणारी नव्हती. लांब पल्ला आणि चपळाई मिळाली, पण एक फैर लागली की आग. जून १९४४ मध्ये मारियाना बेटांजवळ अर्धशिक्षित पोरं पाठवावी लागली, आणि ऑक्टोबर १९४४ पासून आत्मघातकी हल्ले सुरू झाले. सन्मानाच्या भाषेत सांगितलं गेलं ते. त्यामागे शिकवलेल्या माणसांचा दुष्काळ होता.

तुमच्या जमातीला यातून वाट हवी असेल तर गुरूचा मान योद्ध्याच्या वर ठेवा. 'ज्याच्या हाताखालून दहा पोरं निघाली त्याला पहिलं पान' अशी रीत पुरते. आणि पॅराशूट. उडी मारून वाचलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा उडतो; त्याच्या जागी नवा शिकवायला महिने जातात.

पायरी ९: एक मिनिटाची चाचणी

सगळं ठरलं की एक द्वंद्व सेकंदा-सेकंदानं लिहून बघा. नियम कुठे मोडतो ते तिथेच कळतं. आपल्या नमुन्याचं असं होतं.

पहाट, चार हजार मीटर. शून्य सेकंदाला पिवळ्या पंखांचा समोरचा ७०० मीटरवर येतो. दुसऱ्या सेकंदाला आपला माणूस पंख दोनदा डोलवतो. चौथ्याला पिवळाही डोलवतो, विडा उचलला गेला. सातव्याला दोघं शेजारून निघून जातात, गोळी नाही. मग वळणं, एक पूर्ण वळण दहा-बारा सेकंदांचं. चाळिसाव्या सेकंदाला पहिली फैर, दोन सेकंदांची. मिनिटाला ५०० गोळ्या झाडणाऱ्या दोन बंदुका, म्हणजे तेहेतीस गोळ्या, सगळ्या वाया. पन्नासाव्या सेकंदाला आपल्या माणसाच्या दोन्ही बंदुका गप्प. रात्री दव पडलं होतं आणि पट्टे झाकले नव्हते. तो हातोडी मारतो, जमत नाही. नियमाप्रमाणे मूठ वर करतो.

पिवळा त्याच्या मागे साठ मीटरवर आहे. मधे शेपूट आहे, आसनाचा कठडा आहे, पिवळ्याच्या चष्म्यावर एरंडेल आहे. त्याला मूठ दिसतच नाही. छप्पन्नाव्या सेकंदाला तो गोळी झाडतो.

नियम कागदावर बरोबर होता, फक्त खूण समोरून दिसणारी होती आणि विमानं मारतात मागून. दुरुस्त करायचं असेल तर शेपटीतून सुटणारी दोन मीटरची पांढरी फीत आणि ती सोडायला आसनाजवळ एक दोरी द्या. पण आम्ही दुरुस्त करणार नाही. विमान आपल्याच हद्दीत पडलं आहे. संध्याकाळी मोतद्दार अवशेषांतून बंदुका काढतो, झाकण उघडतो, आणि त्याला तिरकं अडकलेलं काडतूस सापडतं. मेलेला निःशस्त्र होता याचा तो पुरावा आहे, आणि पट्टे झाकायला तो स्वतः विसरला याचाही. पुढचं प्रकरण वैमानिकांना सोडून त्याच्यापासून सुरू करा: काडतूस त्याच्या मुठीत आहे आणि पंचांचं बोलावणं आलेलं आहे.